प्रश्न गोळीचा आहे

बंदुकीचा विषय निघाला की आपण एकच शब्द सरसकट वापरतो : गोळी. दुकानातून आणली ती गोळी, झाडली ती गोळी आणि शरीरातून काढली तीही गोळीच. जाणकार असे बोलत नाहीत. दुकानात मिळते ते काडतूस. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, असे त्याचे चार भाग. जनावराच्या अंगात शिरतो तो यांतला फक्त शेवटचा. बाकी तिघांचे काम त्याला तिथवर पोचवण्याचे. अमेरिकेत घरी काडतुसे भरणारे हजारो हौशी शिकारी आहेत. दारूच्या वजनमापाइतकाच काथ्याकूट ते गोळीच्या निवडीवर करतात, तो यामुळेच.

मी शिकारी नव्हे. पशुवैद्यकीय खात्यात माझी नोकरी कन्नड, खुलताबाद, वैजापूर या तालुक्यांत गेली. रानात जनावर मेलेले सापडले की शवविच्छेदनासाठी आम्हाला बोलावणे येई. एकदा कन्नडकडच्या एका शिवारात रोह्याचा मोठा नर मरून पडला होता. जखम बाहेरून करंगळी शिरेल एवढी, पलीकडचीही तेवढीच. आत मात्र आतडी फाटून सगळ्या पोटात पू झालेला. दोन-तीन दिवस तरी ते जनावर तसेच फिरले असावे. गोळी झाडणाऱ्याला ती लागल्याचे कदाचित कळलेही नसेल. त्या दिवसानंतर गोळीने जनावर मरते म्हणजे नेमके काय होते, हे मी मुळापासून वाचू लागलो.

आपल्या जिल्ह्याचा आणि शिकारीचा संबंध जुना आहे. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या घळीत आला आणि अजिंठ्याची लेणी युरोपीय जगाला माहीत झाली. दहाव्या लेण्यात त्याने कोरलेले स्वतःचे नाव आजही आहे. त्या काळी बंदूक तोंडाकडून ठासायची. शिसे वितळवून साच्यात गोळी ओतायची, दारू मापायची, सारे हाताने. अमेरिकन हौशी माणूस आज छंद म्हणून करतो, तेच तेव्हा प्रत्येक शिकाऱ्याला करावे लागे. निवडीला मात्र फारसा वाव नव्हता. मऊ शिशाचा गोल गोळा, लहान जनावराला लहान, मोठ्याला मोठा, एवढाच हिशेब.

हा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पार बदलला. 1886 मध्ये फ्रान्सने बिनधुराच्या दारूची रायफल सैन्यात आणली. गोळीचा वेग इतका वाढला की नुसते शिसे नळीतच घासून निघू लागले. म्हणून शिशाला तांब्याच्या जातीच्या धातूचे कवच आले. पण पूर्ण कवचाची गोळी शरीरात पसरत नाही. बारीक भोक पाडून निघून जाते. वायव्य सरहद्दीवर लढणाऱ्या इंग्रजांची हीच तक्रार होती. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. ती अंगात शिरताच छत्रीसारखी उघडे. त्या जखमांचा जगभर गवगवा झाला आणि 1899 च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत, असे जाहीरनाम्याने ठरले.

आता यातली गंमत पाहा. युद्धात जी गोळी अमानुष म्हणून वर्ज्य झाली, तीच शिकारीत सक्तीची आहे! इंग्लंडच्या 1991 च्या हरणांविषयीच्या कायद्यात मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी वापरण्याची अट आहे. वरवर विसंगत वाटते, पण तर्क सरळ आहे. जखमी सैनिकाला मागे दवाखाना असतो. तो लढाईतून बाद झाला म्हणजे पुरे. जखमी हरणाला दवाखाना नसतो. त्याच्या बाबतीत दया म्हणजे क्षणात मृत्यू. गोळी छातीत पसरली, फुप्फुसे व हृदय फाटले, मेंदूचा रक्तपुरवठा थांबला, की जनावर काही सेकंदांत कोसळते.

गोळी फार लवकर पसरली तरी घात होतो. 1946 साली जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याने कॅनडात एका मूसवर, म्हणजे घोड्याएवढ्या सांबरावर, गोळ्या झाडल्या. चिखलाने माखलेल्या खांद्यावरच त्या फुटल्या, आत गेल्याच नाहीत. तेव्हा त्याने गोळीच्या मधोमध धातूचा पडदा ठेवण्याची युक्ती काढली. पुढचा अर्धा पसरतो, मागचा अर्धा शाबूत राहून खोल जातो. 1948 पासून ती गोळी बाजारात आहे. गोळी निवडणारा जनावराचे वजन, हाडांची जाडी, अंतर आणि त्या अंतरावर उरणारा वेग पाहतो तो यासाठी. चाळीस किलोच्या काळविटाची गोळी दोनशे किलोंच्या रोह्याला चालत नाही. अर्थात नेम पोटात बसला, तर कोणतीही गोळी क्रूरच. आधी नेम, मग गोळी; पण गोळीचा विचार टाळता येत नाही.

अलीकडे आणखी एक मुद्दा पुढे आला आहे. फुटलेल्या शिशाचे कण मांसात राहतात आणि ते खाणारी गिधाडे, गरुड विषबाधेने मरतात. म्हणून कॅलिफोर्नियाने 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली, डेन्मार्कने 2024 मध्ये रायफलच्या गोळ्यांवरही. तिथे आता निखळ तांब्याची गोळी वापरतात.

वाचक विचारतील, याचा आपल्याशी काय संबंध? आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हाही गुन्हा आहे. हे योग्यच आहे. पण त्याच 1972 च्या कायद्याच्या कलम 11 मध्ये, उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतात. रानडुकरांनी एका रात्रीत झोपवलेला मका मी पाहिला आहे. शेतकऱ्याच्या संतापाला माझ्याजवळ उत्तर नाही. परवानगी मिळाली की गावातली बंदूक निघते. ती बहुधा बारा बोअरची किंवा .315 ची. बारा बोअरचे एल.जी., एस.जी.चे छर्रे लांबवर पसरतात. एखादा रोह्याच्या पोटात, एखादा मांडीत बसतो आणि जनावर झाडीत जाऊन कुजत मरते.

जखमी जनावर फक्त स्वतःच भोगते असेही नाही. जिम कॉर्बेटने 1907 मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने 436 माणसांचे बळी घेतल्याचे सांगतात. तिचे उजव्या बाजूचे सुळे मोडलेले निघाले. कारण, कोणाची तरी जुनी गोळी. आपल्या गौताळ्याच्या रानात बिबटे आहेत. डुकरावर झाडलेला छर्रा कुठे जाईल, हे सांगता येत नाही.

परवान्यावर आपल्याकडे वाद होतात ते जनावर कोणते, किती मारायचे यावर. गोळी कोणती, किती अंतरावरून, झाडणाऱ्याचा नेम कोणी तपासला, ही चर्चा एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एकदाही ऐकली नाही. मारूच नये, असे म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण जोवर कायदा मारण्याची मुभा देतो, तोवर कसे मारायचे हेही कायद्यानेच सांगायला हवे. इंग्लंडने ते हरणासाठी केले. रोह्यासाठी आणि रानडुकरासाठी आपल्याला करता येणार नाही, असे त्यात काही नाही.