पर्यायाची निवड आणि हाताची परीक्षा

सोलापुरातील यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला, तर तो नेमका कोठे तुटला हे हेरून, गाठ देऊन माग पुन्हा चालू करणे हीच कारागिराची कसोटी होय. गाठींची चार नावे पुढे ठेवून त्यांतील एकीवर खूण करावयास सांगणारा मालक अद्याप कोणी पाहिलेला नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटरलाही लेखी परीक्षेबरोबर मापात बसणारा तुकडा कानशीने घासून दाखवावा लागतो. संगणक-सुरक्षेच्या प्रमाणपत्रांत मात्र या दोन परीक्षांची फारकत झालेली दिसते.

बहुपर्यायी प्रश्नाचा उगम अगदी निराळ्या गरजेत आहे. एकाच उत्तरपत्रिकेला निरनिराळे शिक्षक निरनिराळे गुण देतात, या दोषावर उपाय म्हणून फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्सस येथे वाचनाची अशी चाचणी तयार केली. परीक्षकाची मर्जी तीतून नाहीशी झाली, हा लाभ लहान नव्हे. या पद्धतीवर अंदाजपंचे उत्तरांचा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो फारसा बळकट नाही. चार पर्यायांचे १२५ प्रश्न डोळे मिटून सोडविल्यास सरासरीने ३१ बरोबर येतील, आणि तेवढ्यावर कोणी उत्तीर्ण होत नाही. खरा दोष असा की, उत्तर प्रश्नपत्रिकेतच छापलेले असते. ते केवळ ओळखावयाचे असते.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. अनेक देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी केलेल्या मागण्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत न पोहोचता मध्येच एका बनावट प्रणालीकडून मंजूर होत होत्या. अशा वेळी नोंदींच्या ढिगातून विसंगती शोधणाऱ्यापुढे चार पर्याय कोणी मांडून ठेवीत नाही. किंबहुना प्रश्न कोणता हेच त्याला ठरवावे लागते.

ओएससीपी या प्रमाणपत्राची परीक्षा याच्या दुसऱ्या टोकास आहे. उमेदवाराने २३ तास ४५ मिनिटांत परक्या संगणकांत शिरून दाखवावयाचे आणि पुढील २४ तासांत त्याचा लेखी अहवाल द्यावयाचा. शंभरांपैकी सत्तर गुण मिळाल्यास तो उत्तीर्ण. अहवालाची ही अट विशेष मोलाची आहे, कारण केलेले काम दुसऱ्यास समजेल असे मांडणे हेही कामच असते. तथापि या परीक्षेतील संगणक मोजकेच. त्यांवर ज्या युक्त्या चालतात तेवढ्याच तपासल्या जातात. कायदा, जोखमीचा अंदाज, संस्थेची धोरणे हा भाग जवळजवळ बाहेरच राहतो. शिवाय तीत कसोटी लागते ती मुख्यतः शिरणाऱ्याची, रक्षकाची नव्हे. उलट सीआयएसएसपीची बहुपर्यायी परीक्षा तीन तासांत आठ विषयक्षेत्रांचा आढावा घेते. मात्र पूर्ण प्रमाणपत्रासाठी साधारणतः पाच वर्षांच्या अनुभवाची अट तिच्या जोडीस असते. म्हणजे हाताच्या कामाचा पुरावा तेथे परीक्षेबाहेरून मागविला जातो.

नवशिक्याची अडचण येथेच आहे. सोलापुरातील पदवीधराजवळ अनुभव नसतो, आणि ओएससीपीचे प्रशिक्षणासह शुल्क लाखाच्या वर जाते. स्वस्त बहुपर्यायी प्रमाणपत्र त्याला मुलाखतीपर्यंत नेईल. पुढची पारख नेमणूक करणाऱ्याने स्वतः करावी. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एखाद्या सहकारी बँकेने खातेदारांची नावे वगळून एका दिवसाच्या नोंदी, मुद्दाम पेरलेल्या दोन-तीन विसंगतींसह, उमेदवारासमोर ठेवाव्यात आणि काय आढळले ते एका पानात मराठीत लिहून मागावे.