विश्लेषण : मोबाइल नेटवर्क आणि ‘एआय’ एकमेकांवर अवलंबून का?

अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर फोन पूर्ण रेंज दाखवतो, पण व्हिडीओ काही केल्या जात नाही. टॉवर जवळच असतो. त्याच्यापुढची रांग लांब असते. ही रांग हलवण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे, म्हणजे ‘एआय’कडे सोपवले जात आहे.

नेटवर्कला ‘एआय’ कशासाठी?

भारतात ‘फाइव्ह-जी’ १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले. त्याचा अँटेना बल्बसारखा चौफेर उजेड पाडत नाही, बॅटरीसारखा झोत टाकतो. झोत कोणाकडे वळवायचा, हे सेकंदाच्या हजाराव्या भागात ठरते. त्यासाठी फोन टॉवरला सतत मोजमापे कळवतो आणि त्यातच काही क्षमता खर्ची पडते. मोजकी मोजमापे घेऊन बाकीचा अंदाज ‘एआय’ने बांधला, तर तेवढी जागा ग्राहकांना मिळते. ‘थ्री-जीपीपी’ या मानके ठरवणाऱ्या व्यासपीठाने ‘रिलीज १८’मध्ये यावर अभ्यास केला.

दुसरा मुद्दा विजेचा. मध्यरात्री वापर घटला की टॉवरवरील जादा क्षमतेची उपकरणे झोपवता येतात; मूळ सेवा जागी ठेवावी लागते. अंदाज चुकला तर भुर्दंड रात्री दोनला रुग्णवाहिका बोलावणाऱ्याला बसेल. म्हणूनच यंत्राला मोकळे रान देऊन चालत नाही.

मग ‘एआय’ला नेटवर्क कशाला?

आजवर आपण प्रामुख्याने डाउनलोड करत आलो. देशात ‘फाइव्ह-जी’साठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात पाठवणे आणि घेणे आळीपाळीने चालते, त्यात मोठा वाटा डाउनलोडचा. पण रोगट पानाचा फोटो दाखवून सल्ला मागणारा शेतकरी किंवा कॅमेऱ्यातून रस्ता समजून घेणारा अंध वापरकर्ता आधी माहिती वर पाठवतो. उत्तर देणारा सर्व्हर दूर असेल, तर विलंब आणखी वाढतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ मध्ये ‘सिक्स-जी’च्या आराखड्यात सहा वापरप्रकार मांडले; त्यातला एक ‘एआय आणि संपर्क’ हाच आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

फोन कोणत्या टॉवरच्या हद्दीत कधी होता, हे नेटवर्कला ठाऊक असते. ‘एआय’ घडवण्यासाठी ही माहिती मोलाची आणि तितकीच खासगी. शिवाय नेटवर्कमधील ‘एआय’ आता कॉलवर ‘संशयित स्पॅम’ असा शिक्काही मारतो. फसवणूक टाळायला तो उपयोगी, यात शंका नाही. पण दिवसाला शंभर घरी फोन करणाऱ्या डबेवाल्या ताईंच्या नंबरावर तो चुकून बसला, तर तो काढून घेण्याची वाट सोपी आणि सर्वांना माहीत असलेली हवी.