पंचवीसला सायकल, सव्वीसला गाडी

मागच्या पावसाळ्यात चांदणी चौकाच्या चढावर माझी रिक्षा गर्दीत अडकली होती, तेवढ्यात एक आजोबा सायकलवरून शेजारून पुढे निघून गेले. लेंगा, टोपी, जुनी काळी सायकल, कॅरिअरला कोथिंबिरीचं पोतं. पाय पॅडलवर होते, पण फिरत नव्हते. वर पोचल्यावर गाठून विचारलं, तर म्हणाले, "नाना पेठेत मोटर बसवून घेतली. लायसन लागत नाही." ते 'लागत नाही' त्यांनी असं म्हटलं की मला ते दुकान बघावंसं वाटलं.

दुकान म्हणजे बोळातला एक गाळा. आत शिरताच रबर सोल्युशनचा वास आला आणि शाळेच्या वाटेवर पंक्चर काढून घेताना खोळंबून राहिले होते ती सगळी मिनिटं आठवली. आता त्या वासात एक नवा वास मिसळलाय, डाग देताना जळणाऱ्या राळेचा. मिस्त्री साठीच्या पुढचे. वडिलांचंच दुकान. हातातलं चाक खाली न ठेवता म्हणाले, "बसा ताई. स्टुलाला ग्रीस आहे, बघून बसा."

मोटर बसवणं हे काम ऐकायला नवं, पण त्यातला बराचसा भाग जुनाच आहे. मागचं चाक काढायचं, मधला जुना हब टाकून द्यायचा, त्या जागी ताटलीएवढी मोटर घालून रिम पुन्हा तारांनी विणायची. मोटर मोठी, त्यामुळे जुन्या तारा लांब पडतात. मिस्त्री त्या कापतात आणि हाताने फिरवायच्या छोट्या मशीनवर टोकाला नवे आटे पाडतात. छत्तीस तारा, छत्तीस वेळा. बॅटरी, कंट्रोलर, मुठीतला ॲक्सिलरेटर हे नंतर अर्ध्या तासात होतं.

मी खरी रेंगाळले ती चाकाचा आऊट काढताना. चाक उलट्या सायकलवर गरगर फिरत होतं आणि मिस्त्री रिमजवळ खडू धरून बसले होते, अगदी स्थिर. रिम जिथे बाहेर यायची तिथे खडूची रेघ उमटायची, की समोरची तार पाव आटा घट्ट. पुन्हा फिरव, पुन्हा रेघ. रेघ तोकडी होत होत शेवटी नुसता ठिपका राहिला. "मशीन येतं याचं," ते म्हणाले, "पण खडू काय वाईट आहे?"

मग त्यांनी कंट्रोलरमधून आलेल्या जुडग्यातल्या दोन पांढऱ्या वायरी वेगळ्या काढल्या. या जोडल्या की वेग पंचवीसला थांबतो, सुट्या ठेवल्या की सायकल पळेल तितकी पळते. मिस्त्रींनी जोडल्या, वर डाग दिला, टेप गुंडाळली. "पंचवीसला सायकल, सव्वीसला गाडी. गाडी म्हटलं की कागद आले."

हे त्यांनी त्या दुपारी निदान चार वेळा सांगितलं असेल. नियमही जवळपास तेच सांगतो. मोटर अडीचशे वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. एवढं पाळलं तर कायद्याच्या लेखी ते मोटार वाहनच नव्हे. नोंदणी नको, लायसन नको. यातली एक मर्यादा ओलांडली की नंबरप्लेट, विमा, हेल्मेट, सगळं लागू.

मी बसले असतानाच एक पोरगा आला, सतरा-अठराचा, पाठीवर जेवण पोचवायची चौकोनी पिशवी. "मिस्त्री, ती पांढरी सोडा ना. पंचवीसने ऑर्डर गार होतात."

"पंचवीस."

"पलीकडे पन्नास रुपयांत सोडतात."

"मग पलीकडे जा."

पोरगा हसला आणि गेला, पलीकडेच गेला असणार. मला त्याचा राग येईना. त्याला मिनिटांचे पैसे मिळतात. रस्त्यावरच्या पोलिसाला तरी कसं कळावं की समोरून बिननंबरची गेली ती पंचवीसची की पंचेचाळीसची? टेपच्या आतली वायर कुणी बघत नाही.

नियमात आणखी एक कलम आहे, जे मिस्त्रींच्या तोंडून आलं नाही. ही सूट हवी असेल तर वाहनाचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून मंजूर व्हावा लागतो. अशी एक संस्था, एआरएआय, पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. कंपनीची सायकल तिथून कागद घेऊन येते. आजोबांच्या काळ्या सायकलीला टेकडी कोण दाखवणार? मी विचारलं, तेव्हा मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला तारेत ओवलेले जुने बिल्ले होते, सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा त्या काळचे. "तेव्हा दिवा नसला तरी पकडायचे, डबलसीटला पकडायचे. वडील दिवा तपासल्याशिवाय सायकल भाड्याने देत नसत. पोलीस असो-नसो."

कागदाच्या हिशेबाने मिस्त्रींचं काम अर्धवट आहे, हे मला मान्य आहे. पण अख्ख्या दुपारात पंचवीस हा आकडा मनापासून पाळणारा माणूस मला तिथेच भेटला. ब्रेकचे रबर झिजलेले असतील तर ते मोटरला हातच लावत नाहीत. "आधी थांबायचं बघा, मग पळायचं."

पुढच्या आठवड्यात मी माझीही सायकल त्यांच्याकडे नेली. चाक तिसऱ्या दिवशी तयार झालं. मीटरवर चोवीसच्या पुढे काटा जात नाही, आणि उड्डाणपुलावर मागून हॉर्न वाजतात. तुम्ही अशी मोटर बसवून घेणार असाल, तर ती पांढरी जोडी जोडलेली आहे ना, हे टेप गुंडाळायच्या आधी स्वतः बघा. आणि मागच्या लाल रिफ्लेक्टरवरचा चिखल पुसत जा.