टोमॅटोचं महाग बियाणं घ्यावं का? पाकीट घेण्याआधी हा हिशोब करा

पेण : भातकापणी उरकली की कासू, वडखळ, नागोठणे पट्ट्यात ज्यांच्याकडे विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी आहे, ते पाच-दहा गुंठ्यांत भाजी करतात. टोमॅटो लावायचा म्हटलं की दुकानातच पहिला पेच पडतो. दहा ग्रॅमचं एक पाकीट स्वस्त, शेजारचं त्याच्या सात-आठ पट महाग. त्यात मोबाईलवर काळ्या-जांभळ्या टोमॅटोच्या ‘दुर्मिळ’ बियांच्या जाहिराती येतात. दाणे मोजून वीस आणि किंमत मात्र भरपूर. एवढे पैसे घालावेत का?

थोडक्यात सांगायचं तर, आपल्या मातीतल्या रोगाला टिकणाऱ्या बियाण्याला जादा पैसे द्यायला हरकत नाही. नुसतं दुर्मिळ आहे म्हणून मात्र देऊ नका. कसं ते बघू.

बियाणं महाग का असतं?

महाग पाकिटं बहुतेक संकरित वाणांची असतात. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे तो आपला आपणच फळतो. संकर करायचा तर मादी झाडाच्या प्रत्येक कळीतले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात आणि मग दुसऱ्या वाणाचे पराग हाताने लावावे लागतात. जालना, बुलढाण्यातलं देऊळगाव राजा, कर्नाटकातलं राणेबेन्नूर या भागांत शेतकरी कुटुंबं हे बारीक काम करतात. ती मजुरी आणि वाण तयार करायला लागलेली वर्षं पाकिटाच्या किमतीत येतात.

संकरित टोमॅटोचं बी घरी धरून पुढच्या वर्षी लावलं तर झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणजे पाकीट दरवर्षी विकत घ्यावं लागतं. राहुरी कृषी विद्यापीठाच्या धनश्री, भाग्यश्री यांसारख्या सरळ वाणांचं बी मात्र घरी धरता येतं.

दहा गुंठ्यांचा हिशोब

एक ग्रॅममध्ये साधारण ३०० दाणे बसतात, म्हणजे १० ग्रॅमच्या पाकिटात ३,०००. नियमाप्रमाणे उगवण किमान ७० टक्के हवी. तेवढीच धरली तरी २,१०० रोपं मिळतात. तीन फूट बाय दोन फुटांवर लागवड केली तर दहा गुंठ्यांत सुमारे १,८०० रोपं बसतात. म्हणजे एक पाकीट पुरतं.

आता समजा स्वस्त पाकीट १०० रुपयांचं आणि महाग ९०० रुपयांचं आहे. फरक ८०० रुपये, म्हणजे झाडामागे ४४ पैसे. शेतावर किलोला १० रुपये भाव मिळाला तर ८० किलो जादा माल निघाला की पैसे फिटले. झाडामागे हे जेमतेम ४५ ग्रॅम, म्हणजे एक लहान टोमॅटो. खत, काठ्या, सुतळी, फवारणी, मजुरी यांच्यापुढे बियाण्याचा खर्च तसा थोडाच असतो.

पण दुर्मिळ म्हणून ५ रुपयाला एक दाणा घेतला तर? त्याच १,८०० रोपांसाठी २,६०० च्या आसपास दाणे लागतील, म्हणजे १३,००० रुपये. ते वसूल व्हायला १,३०० किलो माल जादा निघायला हवा, झाडामागे ७०० ग्रॅमच्या वर. नुसत्या वेगळ्या रंगाने एवढं वजन वाढत नाही.

भावाचं तर कोणीच सांगू शकत नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी पार गेला होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरात भाव पडून शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. बियाणं कितीही भारी असलं तरी बाजारभाव त्याच्या हातात नसतो.

आपल्याकडे मोठा धोका मर रोगाचा

कोकणात दमटपणा जास्त आणि माती बरीचशी आम्लधर्मी. अशा मातीत जिवाणूजन्य मर रोग जोर धरतो. झाड हिरवंगार असतानाच दोन-तीन दिवसांत मान टाकतं आणि फवारणीने वाचत नाही. ओळखायची सोपी रीत आहे. सुकत चाललेल्या झाडाचं खोड बुडाजवळ कापा आणि तो तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात दुधासारखी पांढरी धार खाली उतरली, तर मर जिवाणूचीच आहे.

ज्या शेतात गेल्या वर्षी टोमॅटो, वांगी किंवा मिरची अशी मेली, तिथे साधं पाकीट घेऊन पैसे वाचत नाहीत. अर्धा वाफा गेला तर नुसत्या बियाण्याचे नाही, तर खताचे आणि मजुरीचेही पैसे जातात. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण मर, पानं आकसणारा लीफ कर्ल विषाणू आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. त्याच संस्थेचे ‘अर्का आभा’ आणि ‘अर्का आलोक’ हे सरळ वाणही मर रोगाला टिकतात. वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपं हाही एक उपाय आहे. ती महाग पडतात, पण मर असलेल्या जागेत त्यांचा विचार जरूर करावा.

महाग वाण सगळ्याच रोगांना पुरा पडतो असंही नाही. मे २०२० मध्ये नगर, पुणे, नाशिक भागात टोमॅटोची फळं धड पिकेनात, त्यावर पिवळे-हिरवे पट्टे पडले. बेंगळुरूच्या तपासणीत कुकुंबर मोझॅक विषाणू आढळला. म्हणून ‘रोगप्रतिकारक’ एवढं वाचून थांबू नका. कोणत्या रोगाला, ते दुकानदाराला विचारा.

काळ्या-जांभळ्याचं काय?

काळपट जांभळा ‘इंडिगो रोज’ हा वाण अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठाने २०१२ मध्ये आणला. तो सरळ वाण आहे, त्यामुळे एकदा चांगलं बी मिळालं तर पुढे घरीच धरता येतं. आतूनही जांभळा असलेला आणखी एक टोमॅटो अमेरिकेत २०२४ पासून घरगुती लागवडीसाठी विकला जातो. त्याच्या १० बियांची किंमत होती २० डॉलर. तो जनुकीय बदल केलेला आहे. असं बियाणं सरकारी परवानगीशिवाय आपल्याकडे लावता येत नाही. इथे ऑनलाईन जे ‘काळं बी’ मिळतं, त्यातून लाल टोमॅटो आला तर दाद मागणं कठीण, कारण बऱ्याचदा लेबल आणि पक्कं बिल दोन्ही नसतं.

हौस असेल तर परसात चार झाडं लावा. पण नेहमीचं गिऱ्हाईक लाल टोमॅटो बघून घेतं. घेणारा आधी ठरलेला नसेल तर पूर्ण वाफा काळ्या टोमॅटोवर घालू नका.

पाकीट घेताना एवढं बघा

- लॉट नंबर, उगवण टक्केवारी आणि चाचणीची तारीख छापलेली आहे का? चाचणीच्या तारखेपासून मुदत ९ महिन्यांची असते.
- पक्कं बिल घ्या. त्यावर वाणाचं नाव आणि लॉट नंबर लिहून घ्या.
- पेरण्याआधी १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठ-दहा दिवसांत ७० हून कमी उगवले तर बाकीचं पेरू नका, दुकानदाराला दाखवा.
- रिकामं पाकीट आणि चिमूटभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.
- नवा वाण पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रोपांवरच करून बघा. शेजारी नेहमीचा वाण लावा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल.

बियाणं सदोष वाटलं तर पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पीक उपटल्यावर पाहणी होत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र तिथेही बिल आणि पाकीट लागतंच.