भीमगीत घरी रेकॉर्ड करताय? माइकच्या आधी गोधडी आणा

फेब्रुवारी संपत आला की आमच्या वस्तीत नव्या भीमगीतांची तयारी सुरू होते. कुणी गाणे लिहिलेले असते, कुणी ट्रॅक मिळवलेला असतो. स्टुडिओचे तासाचे भाडे परवडत नाही, म्हणून गाणे घरातच मोबाइलवर रेकॉर्ड होते आणि चौदा एप्रिलच्या आत सगळ्या ग्रुपवर फिरते. गळा चांगला असतो, शब्दही दमदार असतात. पण ऐकताना आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, मागे पंखा घरघरत असतो आणि 'भीम' हा शब्द आला की कानात भप्प होते. दोन कडव्यांनंतर लोक पुढचा व्हिडिओ लावतात.

हा लेख लिहिण्यामागे आमची स्वतःची एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे एका आजींच्या घरी त्यांच्या ओव्या आणि बाबासाहेबांवरची लग्नातली गाणी रेकॉर्ड करायला गेलो. खोली दहा बाय दहाची, वर पत्रा. मोबाइल दाराजवळच्या टीपॉयवर ठेवला आणि आजी पलीकडच्या भिंतीला टेकून चाळीस मिनिटे गायल्या. घरी येऊन ऐकले तर कुकरच्या शिट्ट्या स्वच्छ, आजींच्या ओळी मात्र अर्ध्याच. वर्षावास संपला की पुन्हा जाऊ, असे ठरवले. त्याआधीच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आजी आहेत, आम्हाला ओळखतात, पण शब्द येत नाहीत. त्या फाईलवर आम्ही मिळतील ती सगळी सॉफ्टवेअर चालवून पाहिली. जे माइकपर्यंत नीट पोहोचलेच नव्हते, ते कुठल्याच सॉफ्टवेअरला परत आणता आले नाही.

तेव्हापासून कुणी विचारले, "दादा, कुठला माइक घेऊ?" तर आम्ही आधी विचारतो, "गातोस कुठे? आणि माइक तोंडापासून किती लांब असतो?"

छोट्या खोलीत नेमके काय होते ते आधी समजून घेऊ. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. पाच फुटांवरच्या भिंतीवर आपटून तो सेकंदाच्या शंभराव्या भागात परत येतो. इतक्या लवकर आलेला आवाज वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि डब्यात बोलल्यासारखे वाटते. पत्रा, फरशी, काच, कपाटाचा दरवाजा या सगळ्यांवरून हेच होते. महागडा कंडेन्सर माइक अशा खोलीत जास्त त्रास देतो, कारण तो बारीकसारीक आवाजही टिपतो. गाणाऱ्यासोबत पत्रा आणि शेजारचा टीव्हीही टिपतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने उसनवारी करून असा माइक घेतला आणि त्याचे रेकॉर्डिंग आधीपेक्षा वाईट झाले. त्याच्या घरात साधा डायनॅमिक माइक, म्हणजे स्टेजवर गायकाच्या हातात असतो तसला, जास्त कामाचा होता. तोंडाजवळ धरून गायले की तो आजूबाजूचे फारसे उचलत नाही.

या सगळ्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंतर कमी करणे. तोंड आणि माइक यांच्यातले अंतर निम्मे केले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीचे घुमणे मात्र जवळजवळ तेवढेच राहते. म्हणून एक वीत अंतर धरा. मोबाइल असेल तर त्याचा माइक बहुधा खाली, चार्जिंगच्या छिद्राशेजारी असतो. ती बाजू तोंडाकडे करा. मोबाइल हातात धरू नका, डब्यांची चळत लावून तिच्यावर ठेवा. स्टेजच्या माइकला ओठ टेकवून गाणाऱ्यांचा आवाज जड आणि घोगरा येतो, तेही टाळा.

आता गोधडी. बहुतेक जण माइकच्या मागच्या भिंतीला काहीतरी लावतात. पण एका दिशेने ऐकणाऱ्या माइकचे तोंड गाणाऱ्याकडे असते, म्हणजे त्याला गाणाऱ्याच्या मागची भिंत जास्त ऐकू येते. म्हणून पहिली जाड गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागे, दोरीवर, भिंतीपासून वीतभर पुढे टांगा. दुसरी असेल तर बाजूला लावा, खाली सतरंजी टाका. मोबाइल चोहोबाजूंनी ऐकतो, त्यामुळे त्याच्या मागेही काही जाड टांगलेले बरे. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गायले तरी फरक पडतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्यात वेळ घालवू नका. आणि हे लक्षात ठेवा की गोधडीने खोलीतले घुमणे कमी होते, बाहेरची रिक्षा थांबत नाही. त्यासाठी वेळ निवडावी लागते. नळाला पाणी येण्याची वेळ टाळा, पंखा आणि फ्रिज तेवढ्यापुरते बंद करा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. आमच्याकडे पहाटे चार ते साडेपाच ही सगळ्यात शांत वेळ आहे. जात्यावरच्या ओव्याही पहाटेच गायल्या जायच्या.

'भप्प' आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ही आपल्या गाण्यांची खास अडचण आहे. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत निघतो आणि माइकवर आदळतो. बुद्ध, भीम, बाबा, प्रज्ञा हे आपल्या गाण्यातले सगळ्यात महत्त्वाचे शब्द नेमके याच अक्षरांनी सुरू होतात. भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवा आणि माइकच्या चार बोटे पुढे धरा. माइक तोंडासमोर सरळ न ठेवता किंचित बाजूला ठेवा. झोत पुढे निघून जातो आणि शब्द माइककडे येतो.

आवाजाची पातळी गाण्याची पहिली ओळ गाऊन ठरवू नका. सगळ्यात वरच्या पट्टीतली ओळ पूर्ण ताकदीने गा आणि तेव्हा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहा. काटा शून्यावर आपटला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. जलशाच्या, गायन पार्टीच्या वळणाचे आपले गायक मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवायच्या सवयीचे असतात. त्यांना "हळू गा" म्हणू नका, गाण्यातला जोर जातो. पातळी कमी करा.

ट्रॅकवर गाताना तो स्पीकरवर वाजवू नका, इअरफोनमध्ये ऐका. इअरफोन वायरचाच घ्या, ब्लूटूथवर ट्रॅक किंचित उशिरा ऐकू येतो आणि गाणारा तालाच्या मागे पडतो.

इकोबद्दल आमचे मत थोडे कडक आहे. स्टेजवर इको लावायची सवय आपल्याला लागली आहे आणि ॲपमध्ये ते बटण समोरच असते. पण वामनदादा कर्डकांच्या परंपरेतले गाणे शब्दांवर उभे असते. शब्द शब्दावर चढला की प्रबोधन संपते आणि नुसता गजर उरतो. रेकॉर्डिंग कोरडेच करा. इको हवाच असेल तर नंतर, थोडा, मूळ फाईलची प्रत काढून तिच्यावर द्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात ८० हर्ट्झच्या खालची घरघर कापली आणि बेताने नॉइज रिडक्शन केले तरी पुरते. जास्त केले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

फाईल वेव्ह प्रकारात ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशी एक मिनिटाची फाईल साधारण साडेआठ एमबीची होते. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे दाबली जात नाही.

ज्येष्ठ बायांना रेकॉर्ड करताना मात्र वरचे निम्मे नियम बाजूला ठेवा. त्यांना इअरफोन देऊ नका, उभे करू नका. त्या जिथे बसून गातात तिथेच बसू द्या. गोधडी त्यांच्या मागे टांगा, मोबाइल वीतभर अंतरावर आणा आणि घरातल्यांना अर्धा तास कुकर न लावण्याची विनंती करा. आधी परवानगी घ्या. गाणे कुठे जाणार, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगा. शेवटी त्यांच्याच आवाजात नाव, गाव आणि गाणे कुणाकडून शिकल्या हे बोलून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्यात भीमरायाच्या ओव्याही आहेत. तिथेही ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे.

आमच्या त्या आजींच्या फाईलमधून त्यांच्या नातीने कान लावून अकरा ओव्या उतरवल्या आहेत. ज्या ओळी कळल्या नाहीत, त्यांची जागा वहीत मोकळी सोडली आहे. तिने ओव्या वाचून दाखवल्या की आजी मान हलवून हो किंवा नाही सांगतात. येत्या रविवारी पहाटे ती स्वतः गाणार आहे. दोरी आणि गोधड्या आम्ही घेऊन जाणार आहोत.