कॉलेजात मुलींचा खो-खो

आम्ही लालबागहून, बचत गटांच्या वतीने बोलतोय. एरवी आम्ही तुम्हाला मसाल्याचं, कर्जाच्या हप्त्यांचं सांगतो. आज खो-खोचं सांगणार आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी शाळेत खो-खोत पुढे असायची. कॉलेजात गेली आणि खेळ सुटला. तिथे मुलांचं क्रिकेट होतं, मुलींसाठी कॅरम. तिने विचारलं, तर उत्तर आलं, "मुली येतात कुठे?" तुमच्याकडेही असंच होतं ना? दहावीपर्यंत पोर धावते, मग एकदम बसते.

मग मुलींनी स्वतःच संघ काढायचं ठरवलं. आधी मुली जमवाव्या लागतात. मैदानात नऊ जणी लागतात, आठ खाली बसलेल्या आणि एक पाठलाग करणारी. आजारपण, परीक्षा धरून बारा-तेरा तरी हव्यात. त्यांनी वर्गावर्गांत फिरून सह्या घेतल्या, प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहिला, आणि एका मॅडमना "तुम्ही आमच्यासोबत उभ्या राहा" अशी गळ घातली. अर्जात दोनच गोष्टी मागितल्या, सरावाची वेळ आणि विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघाचं नाव. पैसे मागितले नाहीत, म्हणून नाही म्हणायला कारणच उरलं नाही. या खेळाला लागतं तरी काय? दोन खांब, फक्की, शिट्टी आणि घड्याळ. मैदान साधारण 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद.

जागेचं मात्र अडलं. कॉलेजच्या अंगणात फरशी, पहिल्याच दिवशी दोघींचे गुडघे फुटले. फरशीवर खो-खो खेळू देऊ नका, हे आम्ही शिकलो. मातीच हवी. लालबाग-परळला गिरण्या होत्या तेव्हा गल्लीगल्लीत कबड्डी, खो-खो चालायचा. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्या जमिनींवर टॉवर आले. उरलेल्या एका मैदानावर सकाळी साडेसहाची वेळ मिळाली.

आणि तिथेच खरी अडचण. सकाळी चाळीत पाणी येतं, ते मुलींनीच भरायचं. मुलगे झोपलेले असतात, ते सोडा. सरावाला पाचच जणी येऊ लागल्या. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला. वाद झाला. एक आजी म्हणाल्या, "धावून काय मिळणार?" शेवटी पाण्याच्या पाळ्या लावल्या, शेजारणी-शेजारणींत. दोन घरांत भाऊसुद्धा हंडा उचलू लागला. एकीचं लग्न ठरलं आणि तिने खेळ सोडला, तिला आम्ही थांबवू शकलो नाही.

ज्यांना वाटतं हा पोरखेळ आहे, त्यांना हे सांगा. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी 2020 सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे.

सामना बघायला जाल तर एवढं लक्षात ठेवा. बसलेल्या मुली एकीआड एक, उलट दिशांना तोंड करून बसतात. पाठलाग करणारीला मधली रेघ ओलांडता येत नाही, घेतलेली दिशाही बदलता येत नाही. पळणारी मात्र दोघींच्या मधून इकडून तिकडे निसटते. म्हणून मागून हात लावून, मोठ्याने "खो" म्हणून दुसरीला उठवायचं. खो चुकीच्या पद्धतीने दिला की पंचांची शिट्टी वाजते. आमच्या मुली सुरुवातीला खो इतका हळू द्यायच्या, की बसलेलीलाच ऐकू जायचा नाही. मॅडमनी त्यांना आठवडाभर नुसतं ओरडायला लावलं. चाळीच्या गॅलरीत लोक बघायला यायचे.

आता चौदा जणी आहेत. स्पर्धेचा अर्ज भरलाय, ओळखपत्रांच्या झेरॉक्स गटाच्या खोलीत ठेवल्यात. पहिला सामना असेल त्या दिवशी मिरच्या वाळत घालायच्या नाहीत, असं बैठकीत ठरलंय.