पावसाच्या बादलीत न सापडणारं नत्र

हवेतून जमिनीवर उतरणाऱ्या नत्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहेच, मग थोडा खाली आला तर बिघडलं कुठे? पण हा वायू सहजासहजी कशाशी संयोग पावत नाही आणि झाडांना तो थेट घेताही येत नाही. मोजायचा असतो तो शेणामुतातून आणि खतांमधून उडणारा अमोनिया, आणि वाहनांच्या, कारखान्यांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं. नेदरलँड्समधल्या माळांवर याच नत्रामुळे गवत माजतं आणि हीदरची झुडपं मागे पडतात.

दुसरा समज जास्त चिवट आहे: पावसाचं पाणी साठवून तपासलं की हिशेब पूर्ण. ही रीत जुनी. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला १८५० च्या दशकातच पावसातलं नत्र तपासलं जाऊ लागलं. पण उघड्या भांड्यात धूळ पडते, पक्षी विष्ठा टाकतात. पाण्यात फॉस्फेट जास्त निघालं की प्रयोगशाळेला पक्ष्याचा संशय येतो आणि तो नमुना बाजूला ठेवावा लागतो. म्हणून अमेरिकेत १९७८ पासून चाललेल्या, पाऊस तपासणाऱ्या केंद्रांच्या जाळ्यात झाकणाचं भांडं वापरतात. संवेदकावर थेंब पडला की झाकण सरकतं, पाऊस थांबला की पुन्हा बसतं. नमुना दर मंगळवारी काढतात.

एवढं करूनही पाऊस नसताना उतरणारं नत्र हाती लागत नाही. अमोनिया थेट पानांवर, ओल्या मातीवर चिकटतो. नेदरलँड्समध्ये निम्म्याहून जास्त नत्र असंच कोरडं उतरतं. बादलीचा पृष्ठभाग पानासारखा नसतो, त्यामुळे ते बादलीत पकडता येत नाही. जंगलात झाडांखाली गळणारं पाणी गोळा करतात, पण त्यातलं काही नत्र पानांनी आधीच शोषलेलं असतं. वर-खाली होणाऱ्या हवेचे झोत सेकंदाला अनेकदा टिपणारी यंत्रं आहेत. अमोनिया मात्र त्यांच्या नळ्यांनाही चिकटतो.

तिसरा समज म्हणजे २०१९ नंतर नेदरलँड्समध्ये गाजलेला एक आरोप. न्यायालयाने नत्राच्या परवान्यांची पद्धत रद्द केली, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला धडकले, आणि ‘सगळं संगणकावरचं, मोजतंय कोण?’ असं बोललं जाऊ लागलं. हे खरं नाही. २००५ पासून तिथल्या निसर्गक्षेत्रांत खांबांवर बोटाएवढ्या नळ्या टांगलेल्या असतात. आतल्या आम्लाच्या लेपावर अमोनिया अडकतो. महिन्याने नळी बदलतात आणि जुनी प्रयोगशाळेत पाठवतात. संगणकाचे आकडे अशाच मोजणीशी ताडून पाहतात. तरीही शेतकऱ्यांच्या तक्रारीत तथ्य होतं, असं मला वाटतं. २०२० मध्ये नत्राची ही मोजणी आणि गणित तपासणाऱ्या हॉर्डाइक समितीनेच सांगितलं की ही पद्धत देशपातळीवर भरवशाची आहे, एकेका जागेचा बारीक हिशेब करायला पुरेशी नाही, मोजणी वाढवा. ती वाढायलाच हवी. मात्र नळी सांगते ती हवेतल्या अमोनियाची तीव्रता. त्यातला किती खाली उतरला, हे वारा, ओल आणि झाडोरा लक्षात घेऊन गणितानेच काढावं लागतं. प्रत्येक गोठ्याशेजारी नळी टांगली तरी ते टळणार नाही.